झोपेचा हिशेब

पहिल्यांदा नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली.
दादू खोतानं आधी तिला जीभ लावून बघितली,
एक डोळा मिटला, म्हणाला,
"आंबाट हाय. जित्ती हाय."
दुसऱ्या दिवशी दुपारी ती मेली.

सावळजच्या माळावर मामांची बेदाण्याची शेड.
हिरव्या जाळीआड अकरा मजले द्राक्षं,
आणि सातव्या मजल्यावर, खिळ्याला टांगलेला,
सांगलीहून आणलेला काडेपेटीएवढा बोर्ड.
हवेत ओल किती, ऊब किती,
एवढंच विचारायचं त्यानं.
वीज शेतीच्या लाइनीची. रात्री येते,
पण सांगून येते असं नाही.

मग तीन पेन्सिल सेल,
लाकडी पट्टीवर सुतळीनं आवळून.
सहा दिवस चालले.
सातव्या दिवशी मी मल्टिमीटर घेऊन पोत्यावर बसले.
एक तार सोडवली, मधल्या फटीत मीटर धरला.
बोर्ड काहीच करत नव्हता
आणि तरी खात होता.
बारा मिलिअँप, बसल्या जागी.

सापडलं ते असं:
मोहरीएवढा एक लाल दिवा,
ज्याचं सगळं काम म्हणजे
मी आहे, मी आहे, मी आहे.
आणि शेजारी रेग्युलेटर,
लग्नातल्या नवख्या वाढप्यासारखा,
पानात थोडं, पंगतीच्या वाटेत बरंच.

सोल्डरिंगच्या तापल्या टोकाला
दिवा चिकटून निघाला. राळेचा वास आला.
रेग्युलेटरचा पाय कापला.
मग बोर्डाला लिहून दिलं:
झोप. पंधरा मिनिटांनी ऊठ.
हवा हुंग, आकडा मांड, परत झोप.
मीटरवरचा आकडा असा काही पडला
की मला वाटलं तारच तुटली.
तार शाबूत होती.

दादू बिचकला.
"दिवा न्हाई? मग हे मेलंय का निजलंय
कळायचं कसं?"
सव्वीस हंगाम राखण केलेला माणूस.
"निजण्याचाच पगार आहे ह्याला," मी म्हणाले.
तो हसला नाही.

म्हणून त्याच्यापुरतं एक बटण बसवलं.
बोर्डावर दुसरा एक दिवा होता, हुकमाचा,
विचारल्याशिवाय न बोलणारा.
दहाचे लांब, एकाचे आखूड.
चार लांब, दोन आखूड: ओल बेचाळीस.
दादूनं दोनदा चुकून मोजलं,
तिसऱ्यांदा मलाच शिकवायला लागला.

बेदाणा उतरला, झाडला, निवडला,
तासगावला सौद्याला गेला.
सेल अजून तेच.
मी बोर्ड घरी नेला, पोटातल्या नोंदी काढल्या.
दर पंधरा मिनिटांची ओळ, शाळेतल्या रांगेसारखी,
आणि रांग मोडून मध्येच घुसलेल्या बटणाच्या ओळी.
एक वाजून बारा.
एक एकतीस.
दोनला दोन कमी.
दोन चाळीस, दोन बेचाळीस, दोन त्रेचाळीस.
अशा नऊ रात्री.

ओल त्या नऊ रात्रींत जागची हलली नव्हती.

तेव्हा कुठे आठवलं,
त्याच आठवड्यात हौसाकाकू मिरजेला दवाखान्यात होत्या,
पोरगा तिकडे, आणि हा इकडे,
माल जाळीवर, सोडून जाता येईना.

मी काही विचारलं नाही.
जाळ्या गुंडाळताना तोच म्हणाला,
"ओल बघत हुतो."
पुढची अख्खी जाळी गुंडाळून झाली.
"उठिवलं की उठायचं बिचारं.
कवाच म्हणलं न्हाई, आत्ताच तर इचारलं."

काकू आता घरी आहेत. उशीला टेकून बसतात,
कुणी आलं की आधी चहाचं विचारतात.

पुढच्या हंगामासाठी मी हिशेब मांडला:
एका दाबण्याला सेलातलं किती जातं.
रात्रीत पन्नासदा दाबलं
तरी चैत्र सरेपर्यंत पुरतंय.
नाही पुरलं, तर सेल अठरा रुपयाला एक.
बटण राहू दिलं.

डबा आवरताना तळाशी ती चौकोनी बॅटरी निघाली,
पहिल्या दिवशीची, मेलेली.
फेकणार होते.
दादूनं हातातून घेतली, जिभेला लावली,
बराच वेळ लावून ठेवली.
"आजून जरा हाय," म्हणाला,
आणि खिशात टाकली.